बर्फ थांबला की मग काळजी करा

या वेळी पत्रं आलीत ती जवळजवळ सगळी बर्फावर. इंदुरातल्या प्रत्येक दुसऱ्या मराठी घरातलं कोणीतरी अमेरिकेत नाहीतर कॅनडात आहे, त्यामुळे तिकडे वादळ आलं की इकडे झोप उडते. मी न्यू यॉर्कला बरीच वर्षं काढून परत आलेय म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. त्यातली चार पत्रं घेतलीत, बाकीच्यांची उत्तरं यातच येतील.

ताई, मी सुदामा नगरहून लिहितेय. माझी लेक जुलैपासून न्यू यॉर्कला आहे, क्वीन्समध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते, हा तिचा पहिलाच हिवाळा. परवा टीव्हीवर हिमवादळ दाखवत होते, गाड्या पार गाडल्या गेलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही, ह्यांनी टीव्ही बंद केला तर मी मोबाइलवर बघत बसले. फोन लावला तर उचलेना, नंतर कळलं की बाईसाहेब खाली बर्फात फोटो काढत होत्या. म्हणते, आई काही होत नाही गं. खरंच काही होत नाही का माझ्या समाधानासाठी बोलते? आणि एवढ्या थंडीत ही घरात राहते कशी?

आधी शेवटचं सांगते कारण ते ऐकून तुम्हाला हसू येईल. तुमची लेक घरात तुमच्यापेक्षा उबेत आहे. न्यू यॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे घरमालकाला हीटिंग द्यावंच लागतं, कायदाच आहे तसा, बाहेर थंडी असली की दिवसा घरात निदान २० डिग्री आणि रात्री साधारण १७ डिग्री राहिलं पाहिजे. आपल्याकडे जानेवारीत पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही आणि आपण स्वेटर घालून, शाल गुंडाळून चहा पितो, तिकडे पोरं घरात हाफ पँटवर फिरत असतात. जुन्या बिल्डिंगमधले रेडिएटर, म्हणजे खोली गरम करणाऱ्या लोखंडी नळ्या, तर असे तापतात की लोक भर बर्फात खिडकी किलकिली करून झोपतात. हीटिंग बंद पडलं आणि मालक दाद देत नसेल तर ३११ ला फोन करून तक्रार करायची, हे तिला माहीत आहे ना तेवढं विचारा.

आता वादळाचं. भूकंपासारखं ते अचानक येत नाही, दोन-तीन दिवस आधी इशारा येतो, दुकानांमधून दूध, ब्रेड, अंडी गायब होतात, सगळे घरी बसायच्या तयारीला लागतात. नुसता बर्फ पडला म्हणजे ब्लिझर्ड असंही नाही, त्यांच्या हवामान खात्याची व्याख्या आहे, वारा ताशी ५६ किलोमीटरच्या वर, ४०० मीटरपलीकडचं दिसत नाही आणि हे निदान ३ तास चालू. जानेवारी २०१६ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात साडेसत्तावीस इंच बर्फ मोजला, म्हणजे ७० सेंटिमीटर, १८६९ पासून तिथे नोंदी आहेत त्यात हा सगळ्यात मोठा. त्या दिवशी शहराने खासगी गाड्यांना रस्त्यावर यायलाच बंदी केली, बस बंद, मेट्रोचे उघड्यावरचे मार्ग बंद. तर एवढं सगळं होत असताना चौथ्या मजल्यावर खिचडी टाकून खिडकीतून बघत बसणारी पोरगी अगदी सेफ असते, लेक खोटं बोलत नाहीये.

पण बर्फ थांबून ऊन पडतं, आकाश निळंशार होतं, सगळे हुश्श करतात आणि तुम्हीही इकडे टीव्ही बंद करून झोपता, तेव्हा खरं लक्ष द्यायचं. दुपारी वरवर वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि फुटपाथवर आणि रस्त्यावर काचेसारखा थर बसतो, तो पारदर्शक असल्याने खालचं काळं डांबरच दिसतं, थर दिसतच नाही, ब्लॅक आइस म्हणतात त्याला. मनगटं आणि कंबरा मोडतात त्या यात. दुसरं म्हणजे चौकातले कोपरे. तिथे प्लाऊने, म्हणजे गाडीपुढे लावलेल्या मोठ्या फाळाने, ढकललेला बर्फ, मीठ, गाड्यांची काजळी सगळं मिळून राखाडी रबडी होते, वरून दिसायला रस्त्याइतकीच पक्की, सिग्नल सुटला म्हणून घाईत पाय टाकला की घोट्यापर्यंत आत, बुटात बर्फाचं पाणी आणि मग दिवसभर ऑफिसात तसेच ओले मोजे. न्यू यॉर्कचा माणूस तिथे थबकतो, बाजूने वळसा घालतो, नवीन माणूस सरळ जातो.

तिसरं सगळ्यात गंभीर. मुली कोणाची गाडी बर्फातून काढत असतील तर इंजिन सुरू करण्याआधी मागचा सायलेन्सरचा पाइप मोकळा केलाच पाहिजे. पाइप बर्फाने बुजलेला असला की कार्बन मोनॉक्साइड गाडीतच भरतो, त्याला वास नाही, रंग नाही. २०१६ च्या त्याच वादळात न्यू जर्सीत एक आई लेकरांना घेऊन ऊब मिळावी म्हणून चालू गाडीत बसली आणि वडील बाहेर बर्फ काढत होते, पाइप बुजला होता. आई गेली, वर्षाचं बाळ गेलं. घरातही हा गॅस पकडणारा अलार्म असायलाच हवा. तेव्हा फोनवर "जेवलीस का, स्वेटर घातलास का" विचाराल ते विचाराच, पण त्याबरोबर अलार्मची बॅटरी चालू आहे का हेही विचारा.

लोकमान्य नगर, एक ज्येष्ठ वाचक. आमचे जावई बॉस्टनला असतात. त्यांनी व्हिडिओ पाठवला, वादळ होऊन दोन दिवस झाले तरी गल्लीतला बर्फ तसाच. एवढा श्रीमंत देश आणि साधा बर्फ उचलता येत नाही? आपल्या इंदूरची टीम पाठवली तर एका रात्रीत चकाचक करून देतील. आणि लोक पार्किंगमध्ये खुर्च्या का ठेवतात?

काका, इंदूरचा अभिमान मलाही आहे, २०१७ पासून सलग सात वेळा आपण स्वच्छतेत पहिले आलो आणि हे आपण भेटेल त्याला सांगतो. पण कचरा उचलून ट्रेंचिंग ग्राउंडला नेता येतो, बर्फ न्यायचा कुठे? जरा हिशोब करू. ताजा बर्फ हलका असतो, एका घनमीटरला साधारण १०० किलो. ५ मीटर बाय २ मीटर म्हणजे एका कारची जागा, तिच्यावर ७० सेंटिमीटर बर्फ पडला तर ७०० किलो झाला, तोही ताजा धरून, दबला किंवा ओला झाला की आणखी जड. आता हे सगळ्या शहराला लावा. म्हणून प्लाऊवाले तो उचलत नाहीतच, नुसता कडेला ढकलतात, आणि कडेला असतात लोकांच्या गाड्या. आपण सकाळी तासभर खपून गाडी मोकळी करायची आणि नंतर प्लाऊ येऊन ती परत बुजवून जाणार, यावर तिकडे लोक ज्या शिव्या देतात त्या मासिकात छापता येणार नाहीत.

मीठ टाकतात ना, म्हणाल. टाकतात, ढिगांनी टाकतात, मिठाने बर्फ शून्याच्या खालीही वितळतो, पण उणे ९ च्या आसपास साध्या मिठाचा जोर संपतो, मग कॅल्शियम क्लोराइड वगैरे वापरावं लागतं. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११० इंच बर्फ पडला, जागाच उरली नाही, मग उचलून एका मोकळ्या मैदानात डोंगर केला, तो पूर्ण वितळायला १४ जुलै उजाडला. जुलै! आपल्याकडे तोवर पावसाळा सुरू होतो.

आणि एक गोष्ट तुम्हाला इंदूरकर म्हणून आवडेल. न्यू यॉर्कमध्ये बर्फ काढायचं काम कचरा खात्याकडेच आहे. कचऱ्याच्या त्याच गाड्यांना पुढे प्लाऊ जोडतात, तीच माणसं बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये रस्ते मोकळे करतात, त्यामुळे वादळानंतर कचरा उचलणं मागे पडतं, काळ्या पिशव्यांचे ढीग बर्फाखाली गाडले जातात आणि वितळायला लागलं की एकेक बाहेर येतात. राजकारणही यावर चालतं. फेब्रुवारी १९६९ मध्ये १५ इंचच बर्फ पडला होता पण क्वीन्समधले रस्ते कित्येक दिवस कोणी मोकळे केले नाहीत, महापौर लिंडसे तिकडे गेले तर बायकांनी तोंडावर सुनावलं. तेव्हापासून तिथला प्रत्येक महापौर बर्फाला घाबरून असतो. त्याच्याही आधी, मार्च १८८८ च्या वादळात तर खांबांवरच्या तारा तुटून रस्त्यात पडल्या, पुलांवरून जाणाऱ्या ट्रेन अडकून पडल्या, शहरात दोनशेच्या आसपास माणसं गेली. मग तारा जमिनीखाली घातल्या आणि भुयारी रेल्वेच्या मागणीने जोर धरला, ती सुरू झाली १९०४ मध्ये.

खुर्च्यांचं म्हणाल तर आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचो की नाही, तेच. ज्याने घाम गाळून जागा मोकळी केली त्याची ती जागा, असं बॉस्टनवाले मानतात, वादळाची आणीबाणी संपल्यावर ४८ तास शहरही ते चालवून घेतं. खुर्ची, इस्त्रीचं टेबल, जुना पंखा, काहीही ठेवलेलं असतं. जावईबापूंना सांगा, दुसऱ्याची खुर्ची चुकूनही हलवू नका. हातापायीवर येतात लोक.

मी विजय नगरला राहतो, ऑगस्टमध्ये बफेलोला एमएस करायला जातोय. आई आत्तापासून जॅकेट घ्यायच्या मागे लागलीय. इथून काय काय घेऊ? बफेलोबद्दल नेटवर वाचून टरकलीय जाम.

जॅकेट इथून घेऊ नकोस, आईला माझं नाव सांग. आपल्याकडचं जाडजूड दिसणारं जॅकेट मनालीच्या ट्रिपला ठीक आहे, बफेलोच्या वाऱ्यात त्याचं काही चालत नाही आणि अर्धी बॅग तेच खातं. जॅकेट आणि बूट तिकडे जाऊन घे, सीनियर पोरं स्वस्तात कुठे मिळतं ते सांगतात. इथून थर्मल घे दोन-तीन जोड आणि लोकरीचे मोजे. सुती मोजे कितीही घातलेस तरी एकदा ओले झाले की पाय गारच पडणार. आजीने विणलेला स्वेटर असेल तर तो लाजत बसू नकोस, घेऊन जा, लोकर ओली झाली तरी ऊब देते.

टरकणं मात्र थोडं बरोबर आहे. बफेलो एरी तलावाच्या काठावर आहे, तलावाचं पाणी अजून कोमट असताना वरून कडक थंड वारा आला की तो वाफ उचलतो आणि काठावर आल्याबरोबर बर्फ करून ओततो, तेही अरुंद पट्ट्यात. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांच्या वर बर्फ आणि उत्तरेकडे जेमतेम काही इंच. म्हणजे आपल्या इंदुरात राजवाड्यावर माणूस बुडेल एवढा आणि विजय नगरात नुसती भुरभुर, असं. त्यामुळे आपल्या खिडकीतून छान दिसतंय म्हणून मित्राकडे निघालो, असं तिथे करायचं नसतं.

डिसेंबर २०२२ चं वादळ ऐन नाताळात आलं, वारा दीड दिवस थांबला नाही, विमानतळावर ५२ इंचांच्या आसपास बर्फ, त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यातली कित्येक रस्त्यात सापडली, गाडीत अडकलेली, नाहीतर चालत निघालेली. अँब्युलन्स आणि फायर ब्रिगेडच्या गाड्यासुद्धा फसल्या होत्या, ९११ ला फोन लागला तरी येणार कोण? तर ड्रायव्हिंग बॅन लागला की पार्टी, शिफ्ट, पैज काहीही असो, निघायचं नाही. आणि गाडीत अडकलासच तर गाडी सोडून चालत सुटू नकोस, पांढऱ्या वाऱ्यात दहा पावलांवरचं घर दिसत नाही. पाइप मोकळा करून तासाला दहाएक मिनिटं इंजिन लाव, खिडकी बोटभर उघडी ठेव, आणि गाडीत ब्लँकेट, टॉर्च, पाणी, शेव-परमल काहीतरी कायम पडलेलं असू दे. इंदूरच्या माणसाला शेव घे म्हणून सांगावं लागत नाही म्हणा.

मी रामबागेतली आजी, वय ६८. सुनेचं बाळंतपण जानेवारीत आहे, न्यू जर्सीला. मुलगा म्हणतो दोघं या. गुडघे दुखतात माझे, ह्यांना बीपी आहे. एवढ्या बर्फात जावं का?

जा की आजी! नातवंडाला डिंकाचे लाडू, आपलं, सुनेला लाडू कोण खाऊ घालणार. फक्त थोडं बघून करा. नोव्हेंबरच्या शेवटी नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला पोचलात तर बरं, हळूहळू सवय होते आणि ऐन वादळात विमान रद्द होऊन दिल्लीला ताटकळायची वेळ येत नाही. वादळ येणार असलं की बऱ्याचदा विमान कंपन्या आदल्या दिवशीच उड्डाणं रद्द करतात आणि जास्त पैसे न घेता तारीख बदलून देतात, तेव्हा मुलाला मेसेजवर लक्ष ठेवायला सांगा.

चपला-सँडलवर बाहेर पडायचं नाही, अंगणातून गाडीपर्यंत सुद्धा नाही. पोचल्याबरोबर मुलाकडून खाचेदार तळव्याचे बूट घेऊन घ्या, त्यावर रबराची खिळेवाली जाळी चढवता येते तीही घ्या. पावलं छोटी, हात खिशाबाहेर, तोल गेला तर आधाराला येतात. प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स इथूनच काढा आणि गुडघ्याचा आणि बीपीचा त्रास आधीपासूनचा आहे हे त्यात लिहून द्या, लपवू नका.

आणि आजोबांना बर्फ उपसायला देऊ नका. मी अगदी हात जोडून सांगते. मुलगा ऑफिसला गेलाय, दाराबाहेर बर्फ साचलाय, आजोबांना बसवत नाही, ते फावडं घेऊन बाहेर पडतात, हे मी तिकडे कितीतरी घरांत बघितलंय. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वर जातं, त्यात हातांनी जड ओझं उचलून फेकायचं आणि श्वास रोखून धरायचा, हृदयावर एकदम लोड येतो. दर हिवाळ्यात तिकडे यात माणसं जातात आणि डॉक्टर दरवर्षी ओरडून सांगतात. मुलाला म्हणा, पैसे देऊन माणूस बोलव नाहीतर शेजारचा कॉलेजवाला पोरगा बघ. आजोबांना घरात बाळाचे लंगोट वाळत घालू दे, रेडिएटर असलाच तर त्याच्यावर झटकन वाळतात.

दोघांची औषधं निघताना हँडबॅगेत घ्या, सामानात टाकू नका, ठरल्या दिवसांपेक्षा पंधरा दिवसांची जास्त घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या. लाडू करताना काजू-बदाम बारीक करून घाला, सुनेला दाताखाली आलेले आवडत नाहीत असं तुम्हीच पत्राच्या मागे लिहिलंय.