दरड, भूस्खलन आणि खचणे

नागपूरच्या एका वाचकाने विचारले आहे की, एकाच घटनेला वर्तमानपत्रांत कधी ‘दरड कोसळली’, तर कधी ‘भूस्खलन झाले’ असे लिहितात. हे दोन्ही एकच का, आणि घाट-डोंगरांपासून दूर राहणाऱ्या आपण यांतला कोणता शब्द वापरावा?

दरड हे मुळात जागेचे नाव आहे. डोंगराची किंवा नदीकाठाची तुटलेली, उभी बाजू म्हणजे दरड. म्हणूनच दरड ‘झाली’ असे कोणी म्हणत नाही, ती कोसळते. सह्याद्रीत हे इतक्यांदा घडते की ‘दरडग्रस्त’, ‘दरडप्रवण’ या सरकारी शब्दांत दरडीला घटनेचाच अर्थ चिकटला आहे. भूस्खलन हा संस्कृत जोडशब्द असून त्यातील ‘स्खल्’ म्हणजे घसरणे, अडखळणे. ‘मनुष्य स्खलनशील आहे’ या वाक्यातला धातू तोच. हिंदी बातम्यांत तो रोज कानी पडतो म्हणून नागपुरात काहींना तो परका वाटतो, पण उतारावरून खडक-माती खाली येण्याच्या सर्व प्रकारांना मिळून एक नाव हवे असेल, तर तो सोयीचा आहे. याच अर्थाचा शालेय भूगोलातला ‘विस्तृत झीज’ हा शब्द मला निर्जीव वाटतो. काही खाली आले, हे त्यातून कळतच नाही.

मराठीची खरी बारकाई क्रियापदांत आहे. कड्यावरून सुटलेला खडक कोसळतो, निसरड्या झालेल्या थरावरून मातीचा अख्खा पट्टा घसरतो आणि न बांधलेल्या विहिरीचा काठ थोडाथोडा ढासळतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावात दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली, ती पावसाने चिखल झालेल्या डोंगरउतारावरच्या मातीखाली. तिथे ‘दरड कोसळली’ यापेक्षा ‘चिखलाचा लोंढा आला’ हे अधिक नेमके ठरले असते. आपली काळी माती तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नाल्याच्या उतारावर इतकी हळू सरकते, की कुंपणाचे खांब कलल्यावरच ते ध्यानात येते.

‘खचणे’ मात्र या सर्वांहून वेगळे, कारण त्याला उतार लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस या कोळसा खाणींच्या गावी एक घर जमिनीत गेले. तिथे जमीन खचली असेच म्हणावे लागेल, भूस्खलन नव्हे.

उमरेडकडच्या उघड्या कोळसा खाणीबाहेर रचलेल्या मातीच्या ढिगाची बाजू घसरली, तर तिला भूस्खलन म्हणायला हरकत नाही, कारण उतार माणसाने केलेला असला तरी हालचाल तीच आहे. दरड हा शब्द तिथे शोभणार नाही. बातमीपुरते ‘ढिगारा घसरला’ एवढे पुरे.