गावच्या अभ्यासिकेला दरवर्षी पैसे कमी पडतात, निधी उभा करण्याची पद्धत कशी सुधारावी?

तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तुमची अभ्यासिका आहे, सोसायटी म्हणून नोंदणी झाली आहे, गणपतीत वर्गणी जमते आणि संक्रांतीपर्यंत संपते, म्हणून आता कंपन्यांच्या सीएसआरसाठी (समाजकार्यावर करायच्या खर्चासाठी) धडपड चालू आहे. मी बेळगावातल्या एका छोट्या शैक्षणिक संस्थेचं खजिनदारपद बरीच वर्षं सांभाळतोय. माझं ऐकाल तर सीएसआरचा नाद सध्या सोडा.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे हा खर्च कुणावर बंधनकारक आहे? नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी ज्या कंपनीचं भरतं तिच्यावर. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली छोटी फौंड्री त्यात कुठून बसणार? ज्या मोठ्या कंपन्या बसतात त्यांना तुमची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांची) लागते, त्याआधी आयकराच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (दात्याला करसवलत) अशा दोन्ही नोंदण्या, वर तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. हे सगळं जमवा, पण सावकाश. फौंड्रीवाल्याकडे मात्र जरूर जा. तो सीएसआर देणार नाही, स्वतःच्या खिशातून चार टेबलं आणि पंखे देईल.

आता तुमच्याच गावाकडे बघा. लक्ष्मीची यात्रा ठरली की हेच गाव लाखांनी पैसे उभे करतं. घरटी किती हे बैठकीत ठरतं, कुणी दिले कुणी नाही हे सगळ्यांना माहीत असतं, गोव्यात आणि पुण्यात असलेल्यांना फोन जातात, लेकीबाळी वेगळी वर्गणी काढून देवीला काहीतरी करतात, आणि यात्रा झाली की पंच सगळ्यांसमोर हिशेब वाचतात. पैसा गावात आहे. अभ्यासिकेचे कार्यकर्ते मात्र पावती पुस्तक घेऊन दारात उभे राहतात आणि ‘काय ते द्या’ म्हणतात. मग शंभराची नोट हातावर पडते आणि वर्षभर त्या घराला पुन्हा कुणी विचारत नाही.

माझ्या मते कमी पडतंय ते इथंच. नवीन दाते शोधण्यात सगळी ताकद जाते आणि ज्यांनी एकदा दिलंय त्यांच्याशी बोलायला कुणी उरत नाही. एक यादी करा: नोकरीसाठी बाहेर गेलेले, फौजेतले आणि निवृत्त फौजी (मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, असं घर तुमच्याही गावात असणार), सासरी गेलेल्या मुली, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तुमच्याच अभ्यासिकेत बसून नोकरीला लागलेले. या शेवटच्या लोकांकडे आपण का जात नाही हे मला कधी कळलेलं नाही. त्यांना महिन्याला शंभर रुपये मागा, यूपीआयच्या ऑटोपेवर. १२० जण मिळाले तर महिन्याला १२,००० आणि वर्षाला १,४४,००० होतात. भाडं, लाईट बिल, पेपर आणि भरतीची पुस्तकं यांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, सेक्रेटरीच्या मोबाईलचा नको. आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्चाचं एक पान ग्रुपवर टाका, त्यात किती मुलं बसली आणि कुठली पुस्तकं आणली तेही लिहा.

८० जी मिळाली की दात्याला सवलत सांगता येते, पण त्यावर फार विसंबू नका. नव्या करप्रणालीत ती सवलत मिळत नाही आणि पगारदार माणसं आता बरीचशी तिकडेच आहेत. जुन्या प्रणालीतल्यांनाही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइनच घ्या. देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरलं तरच दात्याला प्रमाणपत्र देता येतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क.

दुबईतला गावकरी पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. ज्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी विदेशी ठरते, तो सख्खा चुलतभाऊ असला तरी. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय ती घ्यायची नाही.

आईवडिलांच्या स्मरणार्थ कुणी मोठी रक्कम देत असेल तर ‘कायम निधीसाठी’ असं त्यांच्याकडून लेखी घ्या, ती मुदत ठेवीत टाका आणि फक्त व्याज वापरा. आपल्याकडे मोह असतो तो मल्टिपर्पज सोसायटीचा, म्हणजे ठेवी घेणाऱ्या गावातल्या सहकारी संस्थेचा, एखादा टक्का जास्त मिळतो आणि चेअरमन ओळखीचा असतो. बँकेतच ठेवा. धर्मादाय संस्थेनं पैसा कुठं गुंतवायचा हे आयकर कायद्यानं ठरवून दिलंय.

आणखी एक, थोडं नाजूक. आपल्या सीमाभागात मदत मागताना ‘मराठीसाठी’ म्हणायची सवय आहे. साहित्य संमेलनाला ते योग्यच, कडोली, उचगाव, येळ्ळूरची संमेलनं त्याच मायेवर उभी आहेत. पण अभ्यासिकेत कन्नड शाळेतली मुलंही बसत असतील तर त्यांच्या पालकांनाही विचारा, पावती दोन्ही भाषांत छापा. निवडणुकीच्या वर्षी येणाऱ्या पुढाऱ्याचे पैसे बॅनर न लावता मिळत असतील तरच घ्या.

सुरुवात करताना मागच्या तीन गणपतींची पावती पुस्तकं काढून सगळी नावं एका वहीत उतरवा. ज्यांनी दोनदा दिलं आणि तिसऱ्या वर्षी दिलं नाही त्यांना आधी फोन लावा, आणि त्या फोनवर पैशाचा विषय काढू नका.