कात्सुदोन: ‘कटलेट-भात’ म्हणावं का, आणि ते कुरकुरीत कुठवर?

एका वाचकाने विचारलं आहे: “घरी जपानी पद्धतीचं कात्सुदोन करतो. डुकराच्या मांसाचा पावाचा चुरा लावून तळलेला काप, त्यावर अंडं, खाली भात. कृती मराठीत लिहायला घेतली आहे. ‘कटलेट-भात’ म्हटलं तर चालेल का? नाव कट्सुडॉन, कत्सुडोन असं वाट्टेल तसं लिहिलेलं दिसतं, नेमकं काय लिहू? आणि मी ‘कुरकुरीत’ लिहिलं तर बायको म्हणते, वरून रस ओतल्यावर कसलं कुरकुरीत?”

बायकोचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा आहे, म्हणून तो शेवटी सावकाश घेतो.

आधी लेखन. ‘कात्सुदोन’ लिहा. जपानीत ट-ड नाहीत, त-द आहेत. ट-ड आपल्याकडे येतात ते इंग्रजी स्पेलिंगवरून वाचल्यामुळे. ‘त्सु’चा उच्चार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘चूल’, ‘चुलत’ यांतला च म्हणजे तोच आवाज. पण आपली लिपी ‘चूल’मधला च आणि ‘चिंच’मधला च वेगळे दाखवत नाही, त्यामुळे ‘काचुदोन’ लिहिलं तर घोटाळा होईल. ‘त्सुनामी’ आपण पचवलेली आहेच, त्याच वळणाने जावं. नुसत्या तळलेल्या कापाचं नाव ‘तोंकात्सु’. क-च्या आधीचा आपला अनुस्वार जपानी उच्चाराशी छान जुळतो. फक्त एक काना-मात्रा सांभाळा. ‘तोंकोत्सु’ म्हणजे डुकराची हाडं, म्हणजे रामेनचा (जपानी नूडल्सच्या सूपचा) तो दाट पांढुरका रस्सा. मात्रा चुकली की ताटच बदलतं. ‘दोन’ पाहून कुणी आकडा समजेल ही भीती असेल तर असू द्या, ‘दोन कात्सुदोन’ म्हणायला मजाच येते.

आता ‘कटलेट’. गंमत अशी की ‘कात्सु’ हा कटलेटच आहे. फ्रेंचमध्ये ‘कोत’ म्हणजे बरगडी, तिचं लाडकं रूप ‘कोतलेत’, म्हणजे बरगडीला लागून असलेला मांसाचा काप. इंग्रजांनी त्याचं ‘कटलेट’ केलं, जपान्यांनी ‘कात्सुरेत्सु’, आणि पुढे लांबण नको म्हणून नुसतं ‘कात्सु’. ‘तोंकात्सु’तला ‘तोन’ म्हणजे डुक्कर. तोक्योच्या गिंझा भागातलं ‘रेंगातेई’ हे 1895 साली निघालेलं उपाहारगृह. तिथे 1899च्या सुमारास डुकराच्या मांसाचे काप तेंपुरासारखे (ती जपानी भजीच) भरपूर तेलात बुडवून तळून देऊ लागले असं सांगतात. त्याआधी तिथे हा प्रकार पाश्चात्त्य रीतीने, थोड्या लोण्यावर परतून होत असे. जपानच्या सम्राटाने 1872मध्ये जाहीरपणे गोमांस खाल्लं, त्यानंतर मांसाहाराला प्रतिष्ठा आली, हेही लक्षात घ्या. हे ‘परदेशी’ जेवण तिथे तसं अलीकडचं आहे.

तर मूळ एकच, मग ‘कटलेट-भात’ का नको? कारण मराठीत कटलेटने संसार वेगळा थाटला आहे. आपल्याकडे कटलेट म्हटलं की उकडलेला बटाटा, बीट, वाटाणा, चपटा आकार, वर रवा आणि शेजारी लाल सॉस. बरगडी गेली, मांस गेलं, कापही गेला, राहिलं ते वरचं आवरण. खिमा असला तरी तो थापलेला असतो. ‘कटलेट-भात’ वाचून पुण्यातला माणूस भातावर बीटची टिक्की कल्पील, आणि त्यात त्याची चूक नसेल. गोव्यात मात्र अर्थ मुळाशी राहिला आहे. तिथल्या गाड्यांवरचं कटलेट-पाव घ्या: मांसाचा पातळ काप, मसाला चोपडलेला, रव्यात घोळवून तळलेला. पणजीच्या वाचकाला ‘जपानी कटलेट’ म्हटलं तर तो बरोबर समजेल. पण तुमची कृती सगळ्यांसाठी आहे, म्हणून ‘कात्सु’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘चुऱ्यात घोळवून तळलेला काप’ असं एकदा सांगून टाका.

लंडनमधल्या मराठी मंडळींना जाता जाता एक इशारा. तिकडे ‘कात्सु’ म्हणजे ती पिवळसर करी असा समज पसरला आहे. करी वेगळी, तिला जपानीत ‘कारे’ म्हणतात. कात्सु म्हणजे तळलेला काप, करीत असो वा नसो.

‘पांको’साठी मात्र परका शब्द वापरायची गरजच नाही. ‘पान’ म्हणजे पाव, ‘को’ म्हणजे पीठ किंवा चुरा. हा ‘पान’ आणि आपला ‘पाव’ दोन्ही पोर्तुगीजांच्या एकाच शब्दातून आले. त्यांनी गोवा 1510मध्ये घेतला, जपानच्या तानेगाशिमा बेटावर ते 1543मध्ये पोचले. त्यांच्या त्या नाकातल्या उच्चाराचा जपान्यांनी न केला, आपण व. (पाव पायाने तुडवतात म्हणून पाव, ही जुनी थाप आता सोडून द्यावी.) तेव्हा बिनधास्त ‘पावाचा चुरा’ लिहा. फक्त ‘जाडसर’ हे विशेषण गाळू नका. पुड्यातला बारीक, लालसर चुरा घट्ट कवच धरतो. शिळ्या पांढऱ्या पावाची कड काढून, जाड किसणीवर किसून, थोडा सुकवलेला चुरा हवा.

‘दोन’ हे ‘दोंबुरी’चं आखूड रूप. दोंबुरी म्हणजे खोल वाडगा, आणि त्या वाडग्यात भातावर काही घालून दिलेलं जेवणही. भांड्याचं नाव पदार्थाला देणं आपल्याला नवं नाही, ‘थाळी’ आणि ‘चिकन हंडी’ आपण खातोच. ‘वाडगाभात’ असा शब्द कुणी सुचवला तर माझा विरोध नाही, पण तो कुणी वापरणार नाही. लिंग नपुंसक धरावं: ते कात्सुदोन. भातासाठी बासमती टाळा. इंद्रायणी चिकट असल्यामुळे बरी पडते.

आता ‘कुरकुरीत’. तेलातून काढलेल्या तोंकात्सुला जपानी माणूस ‘साकु-साकु’ म्हणतो. तिथेही आपल्यासारखेच दुहेरी नादशब्द रग्गड आहेत. दाताला टणक लागणारं ते ‘कारि-कारि’, पातळ आणि पटकन मोडणारं ते ‘पारि-पारि’. ‘साकु-साकु’ बिस्किटालाही चालतं, त्यामुळे ते आपल्या कुरकुरीत आणि खुसखुशीत यांच्या मधे कुठेतरी बसतं. आपण हे दोन वेगळे ठेवतो. खुसखुशीतपणा मोहनाचा असतो, पिठात आतवर तूप-तेल गेल्याने करंजी तोंडात विरघळते. कुरकुरीतपणा पाणी निघून गेल्याचा. चुऱ्यातलं पाणी तेलात वाफ होऊन जातं आणि कोरड्या पातळ भिंती उरतात. कात्सुत मोहन नाही, म्हणून ‘कुरकुरीत’ हाच शब्द.

पण तो कुठवर? दीड-दोन सेंटिमीटर जाड काप, चरबी आणि मांसाच्या मधली शीर सुरीने ठिकठिकाणी तोडलेली, नाहीतर तळताना काप वळतो. मीठ, मिरपूड, मैदा, अंडं, चुरा. 170 अंशांच्या आसपास तेल, चार-पाच मिनिटं, मग जाळीवर निथळत ठेवायचा. इथपर्यंत कुरकुरीत लिहा. पुढे लहान कढईत दाशी (जपानी स्वयंपाकातला पातळ रस्सा), सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोडसर वाइन), थोडी साखर आणि उभा चिरलेला कांदा शिजतो, कापाच्या पट्ट्या त्यात जातात, वरून हलकं फेटलेलं अंडं, झाकण. इथे खालची बाजू रस पिते. तेव्हा बायको बरोबर आहे, आता ‘कुरकुरीत’ खोटं ठरतं. पण ‘मऊ पडलेलं’ किंवा ‘भिजलेलं’ही लिहू नका, त्यात बिघडल्याची छटा आहे. आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘मुरलेलं’. रस आत जाऊन चव वाढली, हे तोच सांगतो.

अंड्याचंही तसंच. जपानीत ‘तोरो-तोरो’, म्हणजे अर्धवट घट्ट, ओघळणारं. मराठीत ‘लिबलिबीत’ लिहिलंत तर वाचक ताट सरकवेल. पिठलं आळतं तसं अंडंही आळतं: ‘अंडं जेमतेम आळलं की गॅस बंद’. जपानात अंडं कच्चंही खातात. आपल्याकडे सरळ ‘पूर्ण आळलं की’ लिहा, चवीत थोडं कमी झालं तरी चालेल.

तुम्हाला कुरकुरीतपणा सोडवतच नसेल तर कांदा-अंडं वेगळं आळवून भातावर घाला आणि काप वर ठेवा, म्हणजे शीर्षकातला ‘कुरकुरीत’ टिकेल. किंवा जपानमधल्या फुकुई प्रांताचा प्रकार करा. तिथे कात्सुदोन मागितलं तर अंडं येतच नाही. पातळ काप वूस्टरशायरसारख्या सॉसमध्ये बुडवून थेट भातावर मांडतात. त्याला ‘सॉस कात्सुदोन’ असंच नाव द्या, नाहीतर अंडं कुठे गेलं म्हणून प्रतिक्रिया येतील.