सायनसवर काडेचिराईत, नीलगिरी की देवडांगरी?

तुम्ही लिहिलंय की सहा दिवस झाले, कपाळ आणि उजवा गाल ठणकतोय, शेंबूड हिरवा येतोय आणि अँटिबायोटिक घ्यायचं नाहीये. घरी काडेचिराईताचा काढा सुरू आहे, शेजारी नाकात देवडांगरीचं पाणी सोडायला सांगतायत, आणि मधुमेह असलेल्या आईलाही आता तसंच व्हायला लागलंय. मालवण भागात माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळा लागला की काउंटरवर रोज कुणीतरी हेच विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी देवडांगरीचं. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. ते काटेरी सुकं फळ रात्रभर भिजवून त्याचे दोन थेंब नाकात सोडतात. मग दिवसभर नाकातून पाण्याची धार लागते आणि लोक म्हणतात, सगळी घाण निघाली. ती सायनसमधली, म्हणजे कपाळ-गालांच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली, घाण नसते. नाकाचं आतलं अस्तर भाजल्यासारखं होऊन पाझरत असतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं नाक आणि डोळ्यांखालचा भाग इतका सुजला होता की चष्मा बसत नव्हता, आणि रक्त यायचं ते वेगळंच. सायनसची तोंडं मुळात बारीक असतात. ती सुजून बंद झाली म्हणूनच आत दाब येतो आणि ठणका लागतो. त्यावर आणखी सूज आणणारं औषध घालायचं कशाला?

अँटिबायोटिक नको म्हणता ते सहाव्या दिवशी तरी बरोबरच आहे. हे दुखणं बहुतेक वेळा विषाणूचं असतं. शंभर सर्दींमागे एखाद-दुसऱ्या सर्दीतच पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. हिरव्या रंगाला घाबरू नका. आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइममुळे तो रंग येतो, त्यावरून जिवाणू ठरत नाहीत.

आता वनौषधी. सायनसवर नीट चाचण्या झालेली औषधं बहुतेक युरोपातली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या पेलार्गोनियम सिडॉइडिस या झाडाच्या मुळाचे थेंब, जेन्शियन, प्रिम्युला, एल्डर वगैरे पाच वनस्पतींच्या अर्काची एक जर्मन गोळी, आणि नीलगिरीतल्या सिनिओलच्या कॅप्सूल. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत यांनी त्रास कमी होतो असं नोंदवलंय. पेलार्गोनियमबद्दलचे पुरावे मात्र तितकेसे भक्कम नाहीत. माझ्या दुकानात यातलं काही येत नाही, आणि त्यासाठी तुम्ही धावपळ करावी असंही मला वाटत नाही. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: सिनिओलची कॅप्सूल म्हणजे बाटलीतलं नीलगिरीचं तेल नव्हे. ते तेल पोटात घ्यायचं नाही, लहान मुलांना तर त्याने झटके येतात. कापराचंही तेच, म्हणून कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नका.

काडेचिराईत आपल्याकडे तापाला पिढ्यानपिढ्या देतात. चाचण्या झाल्यात त्या मात्र ओल्या किराईताच्या (अँड्रोग्राफिस) अर्काच्या, ते वेगळं झाड. त्यात सर्दी-खोकल्यात थोडा फायदाही दिसलाय. पण त्या सर्दीच्या चाचण्या, खास सायनसच्या नव्हेत, आणि त्यात मोजून घेतलेला अर्क होता. आपण मूठभर काड्या उकळतो, त्यात नक्की किती उतरलं ते कळायला मार्ग नाही. दोन-चार दिवस कडू घोट घ्यायचा तर घ्या. गर्भारपणात मात्र नको, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नको, आणि अंगावर पित्त उठलं की लगेच बंद. ओल्या किराईताने काही जणांना तीव्र ॲलर्जी होते, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने तसा इशाराच दिलाय. आलं, तुळस, पातीचहा घालून गरम पाणी प्या, घशाला बरं वाटतं. त्रिभुवनकीर्ती ही आयुर्वेदिक गोळी मात्र कुणी सांगितली म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका, तिच्यात वत्सनाभ म्हणजे विषारी बचनाग असतो. ती वैद्यांनी तपासून द्यायची गोष्ट आहे.

मला विचाराल तर खरा आराम मिठाच्या पाण्याने नाक धुण्यात आहे. अर्धा लिटर पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. विहिरीचं पाणी गाळलं तरी चालणार नाही, आणि पावसाळ्यात आपल्या विहिरी कशा लाल होतात ते तुम्हाला माहीतच आहे. साध्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये त्याने माणसं दगावली. भांडं रोज धुऊन पूर्ण वाळवा. डोकं पुढे वाकवून एका नाकपुडीत पाणी सोडा, ते दुसरीतून आपोआप बाहेर येतं. नंतर हळूच शिंकरा, जोर लावू नका. वाफारा घ्यायचा तर घ्या, त्याने बरं वाटतं एवढंच. पातेलं मांडीवर घेऊ नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरे. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या वर नकोत, नंतर त्यांनीच नाक चोंदतं.

दहा दिवस होऊनही उतार पडला नाही, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा उलटलं, तर डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी अँटिबायोटिक दिलं तर पूर्ण घ्या. तुमचा एकच गाल दुखतोय, तेव्हा वरची दाढही दाखवून घ्या. तिच्या मुळाशी पू झाला तर वरच्याच सायनसमध्ये जातो. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान ताठणं, ग्लानी यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा.

आईच्या बाबतीत मात्र दहा दिवसांचा हिशेब लावू नका. आजच साखर तपासा आणि उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्या. साखर वाढलेली असताना सायनसमध्ये काळी बुरशी धरू शकते, २०२१ मध्ये करोनानंतर आपण ते पाहिलंय. गाल बधिर होणं, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, डोळा सुजणं, यातलं एक जरी दिसलं तर काढा, वाफारा सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. ओरोस, गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर इथल्या मोठ्या रुग्णालयांपैकी जिथे लवकर पोहोचाल तिथे.