जुनी सी-टेन, नवं इंजिन: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या अमेरिकन पिकअपबद्दल चार ओळी लिहिल्या आणि इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्यांनाच देतोय. सगळी घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: काका, मी सॅक्रामेंटोला असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या महिन्यात १९७० ची शेवरले सी-टेन घेतली, लाँग बेड (मागचा हौदा लांब), ३५० घन इंचाचं व्ही-एट, तीन गिअरची ऑटोमॅटिक. चालू आहे पण हायवेला इंजिन नुसतं ओरडतं आणि चढाला दम लागतो. मला जंकयार्डमधलं ५.३ लिटरचं एलएस इंजिन (शेवरलेचं नव्या पिढीचं व्ही-एट) टाकायचंय, एक मिळतंयही, सगळे म्हणतात ते सोपं आहे. सुरुवात इंजिनापासूनच करू ना? आणि कॅलिफोर्नियात स्मॉगची (धूर तपासणीची) भानगड होईल का?

उत्तर: काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. सगळ्यात आधी स्मॉगचं सांगून टाकतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक लागत नाही, तुझी १९७० ची आहे, ते झालं.

आता मुख्य. इंजिनापासून सुरुवात करू नकोस. कळकळीने सांगतोय कारण मी हे डोळ्यांनी बघितलंय. माझ्या एका मित्राची पण १९७० चीच सी-टेन, त्याने आधी एलएस टाकलं आणि ब्रेक नंतर बघू म्हणाला, चारी चाकांना ड्रम ब्रेक. चौथ्या दिवशी पाऊस पडत होता, मी शेजारी बसलेलो, पुढे एक खड्डा पाण्याने भरलेला, त्यातून गेलो आणि पन्नास पावलांवर सिग्नल लाल झाला. त्याने पेडल दाबलं तर आधी काहीच नाही, आणि मग उजव्या बाजूच्या ड्रमने एकदम पकडलं आणि आख्खी गाडी फुटपाथकडे वळली. स्टिअरिंग त्याने दोन्ही हातांनी धरलेलं, मनगटाच्या शिरा दिसत होत्या. कोणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासून मला कोणी विचारलं की मी हेच सांगतो, आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, पळवायचं सगळ्यात शेवटी.

तर ब्रेक. १९७१ पासून या ट्रकना पुढे डिस्क कंपनीकडूनच यायला लागले, तुझी एक वर्ष आधीची म्हणून ड्रम. चांगली गोष्ट ही की १९७१-७२ चं डिस्कवालं पुढचं सामान तुझ्या चेसिसला बसतं, त्यासाठी किट पण मिळतात. पण एक लक्षात ठेव, तुझ्या चाकाला सहा नट आहेत आणि ७१ पासून टू-व्हील ड्राइव्हला पाच झाले, म्हणजे जुन्या गाडीवरून काढलेलं सामान घातलंस तर पुढे पाच आणि मागे सहा असा घोळ होतो. एकतर सहा नटवालं किट घे नाहीतर मागचे अॅक्सल पण बदल. मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलतो तो) सुद्धा बदलायचा, ड्रमच्या मास्टरमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या लाइनला राहिला तर पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. जुन्या ब्रेक लाइन आतून गंजलेल्या असतात, त्या ठेवू नकोस, सगळ्या नवीन टाक.

मग स्टिअरिंग. गाडी उभी करून कोणाला तरी आत बसव आणि चाक थोडं इकडे तिकडे हलवायला सांग, तू बॉनेट उघडून बघ. कॉलमच्या खालच्या टोकाला रबरी चकती दिसेल, तिला रॅग जॉइंट म्हणतात. पन्नास वर्षांत तिचा चोथा झालेला असतो, आणि लोक आख्खा स्टिअरिंग बॉक्स बदलतात जेव्हा दोष त्या हातभर अंतरावरच्या चकतीत असतो.

आणि गंज. दरवाजा उघडून पायाशी, बिजागराच्या खाली पत्रा आहे तिथे हात घाल. वरच्या काउलमधून, म्हणजे पुढच्या काचेखालच्या जाळीतून, पाणी आणि पानं आत पडतात आणि तिथे साठून माती होते. मी एकदा एका गाडीतून तीन मुठी ओली माती काढली आणि चौथ्या मुठीला माझी बोटं खालून बाहेर आली. रॉकर (दाराखालची पट्टी), केबिनचे मागचे कोपरे, हे सगळं टोचून बघ. रंग छान दिसतो म्हणून फसू नकोस. पत्रे नवीन मिळतात, या मॉडेलचं जवळजवळ सगळं बनतं अजून, पण आधी पत्रा आणि मग इंजिन हा क्रम उलटा झाला की सगळं परत खोलावं लागतं.

आता इंजिन, कारण मला माहितीय तू हे वाचायलाच थांबलायस. निवड चांगली आहे. ५.३ म्हणजे १९९९ पासून शेवरलेच्या पिकअपमध्ये आलेलं इंजिन, ब्लॉक लोखंडी, हेड अॅल्युमिनियमचं, दणकट आहे. ताकदीचे आकडे बघताना मात्र जपून. १९७० च्या कॅटलॉगात तुझ्या ३५० समोर २५५ हॉर्सपॉवर दिसेल आणि ५.३ समोर २८५ च्या आसपास, मग वाटतं एवढ्याशा फरकासाठी कशाला. पण तेव्हाचे आकडे ग्रॉस असायचे, इंजिन नुसतं स्टँडवर, एअर क्लीनर नाही सायलेन्सर नाही. १९७२ पासून नेट आकडे, म्हणजे सगळं सामान लावून मोजलेले, छापायला लागले तेव्हा पिकअपमधल्या ३५० समोर १७५ लिहिलंय. मधे कॉम्प्रेशन कमी केलं होतं हे खरं पण मोठा फरक मोजण्याच्या पद्धतीचाच. म्हणजे तुझी उडी १७५-१९० वरून २८५ वर आहे असं समज.

पण तुझी तक्रार काय आहे, हायवेला इंजिन ओरडतं. ते ताकदीचं नाही, गिअरचं दुखणं आहे. मागच्या अॅक्सलला ३.७३ चा गिअर रेशो असेल आणि २८ इंचाचं टायर, तर ताशी ७० मैलाला इंजिन साधारण ३१०० आरपीएमवर असतं. एलएसबरोबर येणारा ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक, त्याचा चौथा गिअर ०.७० चा, तो पडला की इंजिन २२०० वर येतं. शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत नाही, हा खरा फायदा. म्हणून इंजिन घेशील तर गिअरबॉक्स, वायरिंग, कॉम्प्युटर आणि अॅक्सिलरेटर पेडलसकट एकाच गाडीतून घे. जमलं तर १९९९ ते २००२ मधली गाडी बघ, त्यात बहुतेक ठिकाणी थ्रॉटलला साधी केबल आहे, काम कमी होतं. कॉम्प्युटरमधला चोरीविरोधी लॉक प्रोग्रॅम करून काढून घ्यावा लागतो, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडेल आणि तू आठवडाभर पेट्रोल पंप तपासत बसशील. ट्रकचा ऑइल पॅन खोल असतो, गाडी खाली बसवणार असशील तर दुसरा उथळ पॅन लागेल.

सोपं आहे असं सगळे म्हणतात ते इंजिन बसवण्यापुरतं खरं आहे, दोन प्लेट लावल्या की ते माउंटवर बसतं. वेळ जातो तो रेडिएटर, एक्झॉस्ट, पेट्रोलची लाइन आणि वायरिंगमध्ये. शनिवार-रविवार धरून एक वर्ष मनात ठेव.

प्रश्न: आमच्या ७१ च्या सी-टेनमध्ये केबिनला सतत पेट्रोलचा वास येतो, उन्हाळ्यात जास्तच. मेकॅनिक म्हणतो जुन्या गाडीला येणारच. फ्युएल इंजेक्शन केलं तर जाईल का? (ऑस्टिन, टेक्सस)

उत्तर: येणारच असं काही नाही, आणि कृपया याकडे दुर्लक्ष करू नका. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल कदाचित, या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच आहे, सीटच्या मागे. १९६७ ते ७२ च्या पिकअपना तशीच यायची. सीटची पाठ पुढे घ्या आणि बघा, टाकीच्या गळ्याला रबरी नळी असते ती तडकलेली असेल, किंवा वरच्या सेंडरचं (पेट्रोलची पातळी दाखवणारा भाग) गॅस्केट गेलं असेल. हे दोन्ही आधी बदला, स्वस्त आहे.

पण खरं काम म्हणजे टाकी तिथून काढून मागे बेडच्या खाली, चेसिसच्या दोन दांड्यांमध्ये नेणं. त्यासाठी तयार टाक्या मिळतात. तुम्हाला इंजेक्शन करायचंय तर तसंही हे करावं लागेल, कारण कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय दाब पुरतो आणि ५.३ च्या इंजेक्शनला ५८ च्या आसपास लागतो, ते जुन्या मेकॅनिकल पंपाचं काम नाही, पंप टाकीत बुडलेला असलेला बरा म्हणजे गारही राहतो. ५८ पीएसआयची लाइन आपल्या पाठीमागे केबिनमध्ये असावी असं मला अजिबात वाटत नाही. नळ्या पण इंजेक्शनच्या दर्जाच्याच घ्या, साधी रबरी नळी आणि स्क्रूचा क्लॅम्प चालणार नाही.

प्रश्न: माझ्या नवऱ्याने ६८ ची पिकअप घेऊन दीड वर्ष झालं, माझी तक्रार नाही, त्याला आनंद मिळतो ते दिसतं. पण आमची मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला त्या एका सलग सीटवर मधे बसून शाळेत जायचंय. मला भीती वाटते. मी चुकीची आहे का? (न्यू जर्सी)

उत्तर: ताई, तुम्ही अजिबात चुकीच्या नाही. त्या काळच्या बहुतेक पिकअपमध्ये नुसता कमरेचा पट्टा आहे, खांद्याचा पट्टा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागायचा. समोर लोखंडी डॅशबोर्ड आहे, डोक्यामागे काचच. सात वर्षांच्या मुलीला बूस्टर सीट लागते आणि बूस्टरला खांद्यावरून येणारा तीन ठिकाणचा पट्टा लागतोच, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर वापरायचा नाही.

नवऱ्याला हे दाखवा. खिडकीकडच्या जागेला तीन ठिकाणचे पट्टे बसवता येतात, पण पत्र्याला नुसतं भोक पाडून नाही, मागून जाड पट्टी वेल्ड करून. मधल्या जागेला मात्र खांद्याचा पट्टा अडकवायला जागाच नाही, तेव्हा मधे तिला बसवू नका. मागच्या सीटची गाडी घरात असताना शाळेला तीच न्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिला आनंद द्यायचाच असेल तर रविवारी गॅरेजमध्ये पान्हे द्यायला बसवा, माझी मुलगी तशीच शिकली, आज स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड स्वतः बदलते.

प्रश्न: लाँग बेड कापून शॉर्ट बेड करावी का? शॉर्टच्या किमती खूप वाढल्यात. (अॅटलांटा)

उत्तर: करतात लोक. व्हीलबेस १२७ इंचावरून ११५ वर आणायचा, चेसिस कापून जोडायचा, बेड आठ फुटांचा साडेसहावर. वेल्डिंग येणाऱ्याने मोजून मापून केलं तर टिकतं. पण गाडी धड असेल तर मला ते बघवत नाही. लाँग बेडला रस्त्यावर चाल जास्त शांत असते, आणि विकत घेताना समोरचा जाणकार खाली वाकून जोड शोधतोच.

प्रश्न: सर, आमच्या वडिलांची १९७० रजिस्ट्रेशनची महिंद्रा जीप-पिकअप आहे, शेडमध्ये पडून. तुम्ही लिहिता तसं नवीन डिझेल इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग घालून ती रोज वापरता येईल का? गावातला मिस्त्री तयार आहे. (जि. कोल्हापूर)

उत्तर: मिस्त्रीच्या हातावर माझा विश्वास आहे, कोल्हापूरकडच्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर काय काय करून घेतलंय ते मलाच माहीत. पण अमेरिकेतलं जसंच्या तसं इथे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी कंपनीचं मूळ वर्णन जुळत नाही असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावून सांगितलंय. इंजिन बदलायचंच तर आधी आरटीओची लेखी परवानगी आणि मग आरसीवर नोंद, नाहीतर अपघात झाला तर विम्यावाले पहिले तेच बघतील.

दुसरा रस्ता आहे तो मला जास्त आवडतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार. अट ही की चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच पाहिजे, आणि रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच. म्हणजे रोज वापर आणि व्हिंटेज नंबर, दोन्ही एकदम मिळणार नाही. वडिलांची गाडी आहे म्हणता, तर इंजिन अजून मूळचंच असेल तर ते खोलून बघा आधी, पिस्टन अडकला असेल तर सिलेंडरमध्ये नुसतं ऑइल ओतून आठ दिवस ठेवा, जोर लावून फिरवू नका. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का बघा, त्या प्लेटवर रंग चढला असेल तर खरवडू नका, थिनरचा बोळा हलक्या हाताने फिरवा. जुळलं की कळवा, पुढचं तेव्हा बोलू.