डिपेंडंट व्हिसावर यूकेला जाताना वनवे काढू की रिटर्न?

ताई, आधी अभिनंदन, व्हिसा आला म्हणजे मोठं काम झालं. तुमचा प्रश्न मला समजला तो असा की मिस्टर यूकेत रेडिंगला स्किल्ड वर्कर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत, त्यांच्यावर अवलंबून म्हणून तुमचा आणि दीड वर्षाच्या लेकीचा डिपेंडंट व्हिसा आलाय, मांजलपूरचा एजंट म्हणतोय वनवेवर काउंटरला अडवतात तेव्हा रिटर्नच घ्या, फरकही फार नाही, आणि सासूबाईंचंही तेच मत. मी रावपुऱ्यात तिकिटिंगच्या कामातच आयुष्य काढलंय आणि बडोद्यातली कितीतरी मराठी घरं अशी बाहेर जाताना बघितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडवतात ही भीती अगदीच हवेतली नाही, पण ती तुमच्यासाठी नाही. होतं काय की कागद नीट नसलेला पॅसेंजर यूकेत उतरवला तर एअरलाइनला माणशी २००० पौंड दंड बसू शकतो आणि त्याला परत आणायचा खर्चही तिच्याच गळ्यात पडतो, त्यामुळे काउंटरवरची मुलगी पासपोर्ट घेऊन टिमॅटिक नावाच्या सिस्टिममध्ये बघते, तिथे कुठल्या देशाचा पासपोर्ट, कुठला व्हिसा, काय काय दाखवायला लागतं ते सगळं येतं. व्हिजिटर असेल तर रिटर्न विचारतात आणि ते बरोबरच आहे. तुमचा व्हिसा तिथे जाऊन राहायचा आहे. नवीन स्टाफ कधीकधी सवयीने "रिटर्न तिकीट?" म्हणून विचारतो, तेव्हा शांतपणे "डिपेंडंट व्हिसा आहे, हजबंड तिथेच जॉबला आहेत" एवढं सांगायचं, आणि तरी अडलं तर सुपरवायझरला बोलवा म्हणायचं. तिथे घाबरून मोबाइलवर भलतंसलतं तिकीट काढायच्या मागे लागू नका. आणि कोणी हजार-पाचशेत डमी रिटर्न बनवून देतो म्हणालं तर हात जोडून नको म्हणा, खोटा कागद घेऊन इमिग्रेशनसमोर उभं राहायचं नसतं, खरा व्हिसा हातात असताना तर मुळीच नाही.

त्यापेक्षा यूकेव्हीआयच्या, म्हणजे यूकेच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन अकाउंटला दोघींचे आत्ताचे पासपोर्ट लिंक आहेत ना ते आजच बघा, कारण ईव्हिसा म्हणजे ऑनलाइन व्हिसा आल्यापासून काउंटरवरचं अडणं बहुतेक तिथे असतं. पासपोर्टमध्ये स्टिकर लागलेलं असेल तर त्यावरच्या तारखांच्या आतच पोचायचं. लग्नाचं सर्टिफिकेट, लेकीचा जन्मदाखला, टीबी टेस्टचा कागद हे सगळं हँडबॅगेत, चेकइन बॅगेत नाही.

म्हणजे हा प्रश्न व्हिसाचा नाही, पैशाचा आणि तारखेचा आहे. मोठ्या एअरलाइन्सचं वनवे रिटर्नच्या निम्म्यात मिळत नाही, पुष्कळदा बरंच वर जातं, तो त्यांच्या फेअरचा जुना हिशोबच आहे. त्यामुळे "थोडंच जास्त" हे एजंटचं म्हणणं खरंही असेल. पण ते थोडं जास्त देऊन तुम्ही नक्की काय विकत घेताय ते बघा. परतीची तारीख आत्ताच टाकावी लागते आणि सिस्टिममध्ये साधारण ११ महिने पुढच्याच तारखा उघडलेल्या असतात, तिकिटाची मुदतही जास्तीत जास्त वर्षभराची. आता नवीन घर, मिस्टरांच्या सुट्ट्या, लेकीची नर्सरी, तुम्हालाही तिथे नोकरी करायची परवानगी आहे तर उद्या जॉब लागला तर त्याची रजा, यातलं काहीच आज माहीत नाही. मग तारीख बदलावी लागते, आणि लोक फक्त चेंज फी धरतात, खरा फटका फेअर डिफरन्सचा असतो, म्हणजे तुमच्या स्वस्तातल्या दराच्या सीट संपल्या असतील तर वरच्या दराचा फरक भरा. डिसेंबरमध्ये किंवा तिकडच्या शाळांच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत हा फरक इतका होतो की नवीन तिकीट परवडलं असं वाटतं.

आणि एजंटने लेकीचं सांगितलंय का? आज ती दोन वर्षांच्या आतली आहे म्हणजे इन्फंट, मांडीवर बसणार, फेअर साधारण मोठ्यांच्या दहा टक्के. सहा-सात महिन्यांनी परत येताना तिला दोन पूर्ण झालेली असतील, तेव्हा त्या फेरीला तिला स्वतःची सीट आणि चाइल्ड फेअर लागणार. तुम्हाला जो रिटर्नचा आकडा सांगितलाय त्यात हे धरलंय का ते स्पष्ट विचारा, कारण हे धरलं की "थोडंच जास्त"मधलं थोडं पुष्कळ वाढतं.

दुसरं, क्वोटेशनवर नुसता टोटल आकडा घेऊ नका, फेअर ब्रेकअप, म्हणजे भाडं आणि टॅक्स वेगवेगळे लिहून, मागा. टॅक्सच्या ओळीत जीबी असं लिहिलेलं दिसेल, तो यूकेचा एअर पॅसेंजर ड्यूटी, तो यूकेतून निघतानाच लागतो म्हणून वनवेत तो येतच नाही. भारतासाठी इकॉनॉमीला १ एप्रिल २०२६ पासून तो १०२ पौंड आहे, इकॉनॉमीत १६ वर्षांखालच्या मुलांना माफ. परतीचा प्रवास केलाच नाही तर हा टॅक्स परत मागता येतो, पण मागणारे फार थोडे, आणि मागितला तरी मधले चार्जेस कापून काय उरतं ते बघायचं. व्हिसाबरोबरचा हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला तुमचे १०३५ आणि लेकीचे ७७६ पौंड तुम्ही पुढच्या वर्षांचेही एकदम भरलेत, मला माहितीये अशा वेळी घरात एकेक पौंड मोजला जातो.

एक गोष्ट रिटर्नच्या बाजूनेही सांगतो. काही जण इथूनच रिटर्न काढतात, तिकडून सुट्टीत त्याच तिकिटाच्या परतीच्या फेरीने घरी येतात आणि जाताना पुन्हा इथूनच नवीन रिटर्न, अशी साखळी चालू ठेवतात. ज्यांच्या तारखा पक्क्या असतात त्यांना ती जमते, म्हणजे धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं आहे, हॉलसुद्धा बुक आहे, अशा वेळी मी स्वतः रिटर्नच सुचवतो. तुमच्याकडे तसं काही ठरलेलं असेल तर खुशाल काढा. नसेल तर वनवेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बडोद्यातली माणसं हमखास विसरतात. वनवे-रिटर्नच्या वादात लक्ष तिकडेच राहतं आणि हरणीहून, म्हणजे बडोद्याच्या विमानतळावरून, दिल्ली किंवा मुंबईचं तिकीट वेगळं काढलं जातं कारण ते स्वस्त दिसतं. डोमेस्टिकला साधारण १५ किलो चालतं, आणि तुमच्याकडे संसाराच्या दोन-दोन मोठ्या बॅगा, म्हणजे एक्स्ट्रा बॅगेजचे पैसे इथेच भरा, वर पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं सुटलं तर ती जबाबदारी पुढच्या एअरलाइनची नाही. बडोद्यापासून लंडनपर्यंत एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, काढा, मग बॅगा इथेच टाकल्या की थेट हीथ्रोला. फक्त मग बसायचंही बडोद्यातूनच. "दिल्लीत मावशीकडे दोन दिवस राहून तिथूनच बसते" असं केलं तर पहिला टप्पा नो-शो, म्हणजे पॅसेंजर आलाच नाही असा, धरला जातो आणि पुढचं सगळं तिकीट रद्द होतं, एक बाई दिल्लीच्या काउंटरवरून रडत फोन करत होत्या ते मी विसरलो नाही. हे नको असेल तर सरळ अहमदाबादहून आखाती एअरलाइन घ्या, एक्सप्रेसवेने दोनेक तासांत टॅक्सी पोचवते, घरातली चार माणसं सोडायलाही येऊ शकतात.

ज्यांचं कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, आलंय त्यांनी माझं हे उत्तर जसंच्या तसं लावू नका. तिथे लँडिंग करून लगेच परत यायचं म्हणून रिटर्न काढतात, पण पीआर कार्ड नंतर कॅनडातल्या पत्त्यावर पोस्टाने येतं आणि ते हातात नसेल तर पुन्हा कॅनडाच्या विमानात बसताना अडतं, मग इथून ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करत बसावं लागतं.

आता सासूबाई. त्यांना रिटर्न का हवंय ते मला कळतं, नात परत येणार याची तारीख त्यांना कागदावर बघायची आहे. त्यात चूक काहीच नाही. पण त्यांना सांगा की हेच वाचलेले पैसे त्यांच्या व्हिजिटर व्हिसाला आणि तिकिटाला बाजूला ठेवतोय, उन्हाळ्यात त्यांनीच यायचं, आणि त्यांचं मात्र रिटर्नच काढायचं. बरोबर पेढे, तूप, श्रीखंड काही देऊ नका म्हणावं, दुधाचं तिकडे नेता येत नाही, आपला बडोद्याचा लीलो चिवडा आणि लोणचं द्या.

एजंटकडून दोन्ही क्वोटेशन ब्रेकअपसकट लेखी घ्या, त्यात लेकीची परतीची सीट आणि प्रत्येक टप्प्याचं बॅगेज लिहून मागा, आणि पैसे भरायच्या आधी इथे टाका, मी बघून सांगतो. बासिनेटचंही, म्हणजे विमानातल्या बाळाच्या पाळण्याचंही, तेव्हाच विचारा, त्याला वजनाची मर्यादा असते, तुमची लेक त्यात मावेलच असं धरून चालू नका.