टर्बो बदलण्याआधी पाइप तपासा

प्रश्न : माझी दोन लिटरची पेट्रोल टर्बो कार स्टेज-१ रिमॅप केलेली (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) आहे. चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०२९९, पी०१७१ आणि पी०३०२ असे तीन कोड आले. गॅरेजवाले टर्बो बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. पी०२९९ म्हणजे ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) मिळाला नाही, पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) आणि पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं). टर्बो खराब आहे, असं यातला एकही कोड सांगत नाही.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची इंजिनची नोंद) उतरवून घ्या. मग इंजिन गरम करून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर राखायला ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो वा घटवतो तो आकडा) बघा. एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) +१५ टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला +५ च्या आत असेल, तर थ्रॉटलनंतरच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपुढच्या) भागात लीक धरून चला. तिथून आयडलला न मोजलेली हवा आत येते आणि बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर जाते, म्हणजे पी०१७१ आणि पी०२९९ हे दोन्ही कोड एकाच फटीतून! उलट ट्रिम लोडबरोबर वाढत असेल, तर इंधनाचा दाब आणि एअर मास सेन्सर तपासा.

लीक शोधायला इंजिन बंद ठेवून टर्बोच्या इनलेटला कॅप लावा आणि रेग्युलेटरमधून ०.३ बारपासून हळूहळू हवा सोडा. ०.७ बारच्या वर जाऊ नका. इनलेटला जोडलेला ब्रीदर पाइप (इंजिनच्या आतली वाफ बाहेर नेणारा) आधी काढून बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) जाऊन सील निघतील. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपाचे क्लॅम्प नेहमीचे गुन्हेगार, पण पीसीव्ही (क्रँककेसची वाफ इंजिनात परत सोडणारी झडप) आणि ब्रेक बूस्टरची नळीही विसरू नका.

मिसफायरसाठी दोन आणि तीन नंबरची कॉइल (प्लगला वीज देणारी) अदलाबदल करा. पी०३०३ आला तर कॉइलच गेली. कोड हलला नाही तर प्लग काढा. वाढलेल्या बूस्टला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशा इंजिनांत प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) बहुधा ०.६ ते ०.७ मिमी ठेवतात. ट्यूनरने दिलेला आकडा मात्र शेवटचा.

इथवर सगळं ठीक निघालं तरच वेस्टगेट अ‍ॅक्चुएटर (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप हलवणारा भाग) हँडपंपाने हलवून बघा, आणि त्यानंतर टर्बोचा शाफ्ट. तोपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका, कारण लीन मिश्रणावर बूस्टमध्ये नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) झालं तर पिस्टनलाच धोका.